झाकली मूठ : ब्रिज, इंटरनेट आणि सचोटीची परीक्षा

२०२०च्या मार्च महिन्यात जगभरातल्या ब्रिज क्लबांची दारे एकामागून एक बंद झाली. ब्रिज हा चार जणांनी एका टेबलाभोवती बसून खेळायचा पत्त्यांचा खेळ. खेळणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ, आणि कोरोनाचा धोकाही त्यांनाच जास्त. अमेरिकेतली वसंत ऋतूतली मोठी राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली, युरोपातल्या क्लबांना कुलपे लागली. काही आठवड्यांतच सगळी मंडळी संगणकाच्या पडद्यावर येऊन बसली. आणि त्याच वर्षी पोलंडच्या संघातून जागतिक विजेतेपद मिळवलेल्या एका खेळाडूने जाहीर कबुली दिली की, ऑनलाइन सामन्यांत आपण चोरून सगळ्यांचे पत्ते पाहत होतो.

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांनाही ही गोष्ट आपली वाटावी. त्याच काळात आपली मुले मोबाइलवर शिकत होती, परीक्षा देत होती. पडद्यापलीकडे कोण उत्तर सांगतेय, पुस्तक उघडे आहे की बंद, हे शिक्षकाला कळायला मार्ग नव्हता. २०२१ साली महाराष्ट्रात दहावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली आणि शाळांनी केलेल्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. समोर माणूस नसताना त्याच्या सचोटीवर किती विसंबायचे, हा प्रश्न शाळेला त्या वर्षी पडला. ब्रिजला मात्र तो शंभर वर्षांपासून पडलेला आहे. म्हणून या खेळाचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

नायबाचा प्रवास

पत्ते युरोपने शोधले, असा आपल्याकडे समज आहे. राजा, राणी, गुलाम यांचे कपडे पाहून तो होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात युरोपात पत्ते पोहोचले ते मुस्लीम जगातून, चौदाव्या शतकात. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक राजवटीतल्या पत्त्यांचा एक जोड जपलेला आहे. अभ्यासक एल. ए. मायर यांना तो १९३१ साली तिथे आढळला. काही पाने हरवलेली आहेत, पण मूळ मांडणी स्पष्ट आहे : चार रंग, प्रत्येकाची तेरा पाने, एकूण ५२. रंग होते पेले, नाणी, तलवारी आणि चौगानच्या काठ्या. चौगान म्हणजे आजचा पोलो. चित्राच्या पानांवर माणसांची चित्रे नव्हती, सुंदर नक्षी आणि हुद्द्यांची नावे होती : मलिक, नायब मलिक आणि सानी नायब. म्हणजे राजा, उपराजा आणि दुय्यम उपराजा.

यातला ‘नायब’ फार लांब गेला. १३७७ साली इटलीतल्या फ्लोरेन्स शहराने एका नव्या खेळावर बंदी घातली, त्याचे नाव नोंदवले आहे ‘नाइब्बे’. स्पॅनिश भाषेत आजही पत्त्यांना ‘नाइपेस’ म्हणतात. हे शब्द ‘नायब’वरून आले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. वर्गात मुलांना हे सांगितले की ती हसतात, कारण त्यांच्या ओळखीचा नायब तहसील कचेरीत दाखल्यावर सही करतो. शब्द तोच, फक्त एक तहसीलदाराच्या हाताखाली आणि दुसरा बादशहाच्या.

आपल्याकडे पत्ते दुसऱ्या वाटेने आले. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अकबराच्या दरबारातल्या गंजिफ्याचे वर्णन केले आहे. हा गोल पत्ता पुढे इतका देशी झाला की, त्यावर मत्स्य, कूर्म, वराह असे दहा अवतार विराजमान झाले. दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० पत्त्यांचा हा दशावतारी गंजिफा आपल्या सावंतवाडीत तयार होतो. भोसले राजघराण्याने १९७०च्या दशकात या मरू घातलेल्या कलेला पुन्हा उभे केले. फारसी नावाच्या खेळावर विष्णूचे अवतार, हे या मातीचे सरमिसळीचे काम आहे.

ब्रिजची जडणघडण मात्र बरीच अलीकडची. इंग्लंडमधल्या ‘व्हिस्ट’ या जुन्या खेळाचे ते वंशज. १८८६ साली लंडनमध्ये ‘बिरिच किंवा रशियन व्हिस्ट’ या नावाची एक छोटी पुस्तिका निघाली. हा खेळ इस्तंबूल आणि पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरातून पश्चिमेकडे गेला, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे बोली लावण्याची पद्धत आली. १९२५च्या शरद ऋतूत अमेरिकेचा धनाढ्य हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट ‘फिनलंड’ नावाच्या जहाजातून पनामा कालव्यातून प्रवास करत होता. त्या प्रवासात त्याने गुणमोजणीची नवी रीत बसवली आणि आजचे कॉन्ट्रॅक्ट ब्रिज तयार झाले.

पंधरा शब्दांची भाषा

मेंढीकोट खेळलेल्या कुणालाही ब्रिजची चौकट समजेल. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पत्ते, एक हुकूम, उतारी, आणि जास्तीत जास्त हात करायचे. फरक दोन. पहिला असा की, हुकूम कोणता आणि किती हात करणार, हे आधी लिलावासारखी बोली लावून ठरते. दुसरा, बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपले पत्ते टेबलावर उघडे मांडतो आणि त्या डावापुरता गप्प बसतो. त्याला ‘डमी’ म्हणतात.

स्पर्धेतल्या ब्रिजमध्ये नशिबालाही वेसण घातलेली असते. एका टेबलावर वाटलेले तेच डाव जसेच्या तसे दुसऱ्या टेबलांवर खेळवले जातात. तुम्हाला वाईट पत्ते आले, तर तेच वाईट पत्ते दुसऱ्या टेबलावर तुमच्याच दिशेला बसलेल्यालाही आले. तुलना त्याच्याशी होते. तेरा पत्त्यांचा हात ६३ हजार ५०० कोटींहून अधिक प्रकारे येऊ शकतो, त्यामुळे पाठांतर कामाचे नाही. १९६८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, तेव्हा तुलनेला ब्रिजच घेतले होते. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या त्या खटल्यात न्यायालय म्हणाले की, रमीतला नशिबाचा भाग ब्रिजमधल्या वाटपाइतकाच आहे.

हा मुद्दा आपल्या घरांत महत्त्वाचा आहे. पत्त्यांचे नाव काढले की मुस्लीम घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्यामागे कारण आहे. कुरआनने ‘मैसिर’ म्हणजे जुगाराला दारूच्या पंगतीला बसवून मनाई केली आहे. पत्त्यांच्या पायी उजाड झालेली घरे प्रत्येक मोहल्ल्याने पाहिली आहेत. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तोही अशीच घरे पाहून. म्हणून इथे मी बोलतो आहे ते पैसे न लावता, स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या ब्रिजविषयी. खेळावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यातला इतिहास मात्र सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

आता खेळाच्या गाभ्याकडे येऊ. बोली लावताना भिडूला सांगता येते ते फक्त पंधरा शब्दांत : एक ते सात आकडे, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, बिनहुकमी, पास, डबल आणि रिडबल. एवढ्याच शब्दांतून माझ्या हातात काय आहे, तुझ्या हातात काय असावे, आपण कुठवर जायचे, हे ठरवायचे. शिवाय तुमच्या बोलीचा ठरलेला अर्थ प्रतिस्पर्ध्याने विचारला तर सांगावा लागतो. गुप्त भाषेला जागा नाही. मूठ झाकलेली, पण करार उघडा.

यातून एक नाजूक अवस्था निर्माण होते. समजा, माझा भिडू पास म्हणण्याआधी बराच वेळ थांबला. त्याच्या थांबण्यातून मला कळले की त्याच्याकडे काहीतरी आहे. मी हे कानांनी ऐकले, डोळ्यांनी पाहिले, आता न ऐकल्यासारखे कसे करू? नियमपुस्तक म्हणते : ऐकलेस हा तुझा गुन्हा नाही, पण त्याचा फायदा घेऊ नकोस. भिडूच्या थांबण्याने जी वाट सुचली, ती सोडून दुसरी रास्त वाट असेल तर ती धर. आणि ठरवून केलेल्या चोरट्या खुणा हा या खेळातला सर्वांत गंभीर गुन्हा मानला आहे. म्हणजे कुणी पाहत नसताना स्वतःच्या मनाशी करायचा न्याय या खेळाने नियमात लिहून ठेवला आहे. अमानत सांभाळणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

बोटे, बूट आणि खोकला

माणूस मात्र माणूसच. १९६५ साली ब्युनोस आयरिसमध्ये जागतिक स्पर्धा चालू असताना ब्रिटनच्या टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या नामांकित जोडीवर आरोप झाला की, पत्ते धरताना दाखवलेल्या बोटांच्या संख्येवरून ते एकमेकांना बदामाच्या पानांची संख्या कळवतात. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरले. ब्रिटनमध्ये स्वतंत्र चौकशी झाली, तिने पुरावा निःसंशय नाही म्हणून त्यांना दोषमुक्त केले. ब्रिजचे जाणकार आजही त्यावर दोन तट करून वाद घालतात.

१९७५ साली बर्म्युडा इथल्या जागतिक स्पर्धेत टेबलावर प्रथमच तिरका आडवा पडदा लावला गेला. भिडूला भिडूचा चेहरा दिसू नये, एवढाच हेतू. डोळे अडले, तर पाय निघाले. इटलीच्या फाकिनी आणि झुक्केली या जोडीचे पाय टेबलाखाली एकमेकांना लागत असल्याची तक्रार झाली, त्यांना समज देण्यात आली आणि टेबलाखालीही आडोसा घालण्यात आला. त्याआधीच स्वीडनमधून बोलीच्या चिठ्ठ्यांची पेटी निघाली होती. आवाजाच्या चढउतारातून खूण जाऊ नये म्हणून बोली तोंडाने न सांगता त्या पेटीतली चिठ्ठी समोर ठेवायची. हळूहळू जगभर तीच पद्धत रुळली. चेहरा झाकला, आवाज बंद केला, पाय अडवले. राहिला खोकला. २०१३ साली बाली बेटावरच्या ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत जर्मनीच्या संघातल्या दोन डॉक्टरांवर खोकल्याच्या संख्येतून पत्ते कळवल्याचा ठपका आला. चौकशी झाली आणि त्यांच्या संघाचे सुवर्णपदक गेले.

कुंपण वाढत गेले, तशा चोरवाटाही वाढत गेल्या. अशा वेळी कुणालाही वाटेल, चौघांना चार गावांत बसवले तर? बोटे नाहीत, बूट नाहीत, खोकला नाही.

टेबल पडद्यावर आले

हे घडवून आणले एका विद्यार्थ्याने. १९९० साली अमेरिकेत मॅथ्यू क्लेग याने ‘ओकेब्रिज’ सुरू केले. आपण आज ज्याला इंटरनेट म्हणतो ते तेव्हा घराघरांत नव्हते. विद्यापीठांच्या संगणकांवर काळ्या पडद्यावरच्या अक्षरांतून हे पत्ते खेळले जात. १९९४ साली त्याचे शुल्क घेणाऱ्या सेवेत रूपांतर झाले. कॅनडाचा खेळाडू फ्रेड गिटेलमन आणि त्याची पत्नी शेरी वाइनस्टॉक यांनी १९९०च्या दशकापासून ब्रिज शिकवणारी संगणक-प्रणाली बनवली होती. २००१ साली त्यांनी ‘ब्रिज बेस ऑनलाइन’ हे मोफत टेबल सुरू केले. ते इतके पसरले की वॉरन बफे आणि बिल गेट्स हेही तिथे टोपणनावाने पत्ते खेळत बसू लागले.

पडद्यावरच्या टेबलाने प्रामाणिक चुका तर जवळपास संपवल्याच. हातात रंग असून दुसऱ्या रंगाचे पान टाकणे, पाळी नसताना बोलणे, गुण चुकीचे मोजणे, यांतले काहीच संगणक होऊ देत नाही. आणखी एक सुधारणा तर खऱ्या टेबलाला जमलीच नव्हती. टेबलावर माझ्या बोलीचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांना माझा भिडू सांगतो, आणि त्यामुळे त्याने काय समजून घेतले ते मलाही ऐकू येते. ऑनलाइन मी स्वतःच माझ्या बोलीचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांना लिहून कळवतो, भिडूला तो दिसत नाही. शंभर वर्षांची एक गळती एका चौकटीत बंद झाली.

बघ्यांचा सज्जा

ब्रिज पाहणे हे खेळण्याइतकेच जुने. खेळाडूच्या मागे खुर्ची टाकून बसणाऱ्या बघ्याला ब्रिजच्या जगात ‘किबिट्झर’ म्हणतात. त्याचा धर्म एकच : तोंड बंद, चेहरा कोरा. पण टेबलाभोवती खुर्च्या किती मावणार? १९५०च्या दशकाअखेर इटलीत मोठ्या फलकावर चारही हात दाखवणारी व्यवस्था आली. बंद खोलीत खेळ, बाहेर सभागृहात फलक आणि जाणकारांचे समालोचन. पुढे प्रोजेक्टरवर हेच होऊ लागले आणि त्याला ‘व्ह्यूग्राफ’ नाव पडले. १९६०च्या दशकात इजिप्तचा सिनेनट ओमर शरीफ याने आपला ‘ब्रिज सर्कस’ घेऊन देशोदेशी जाहीर सामने खेळवले. तो स्वतः आंतरराष्ट्रीय दर्जाचा खेळाडू होता. १९८१ साली न्यूयॉर्कजवळच्या पोर्ट चेस्टर इथे झिया महमूद यांच्या पाकिस्तानी संघाने जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, तेव्हा ती धडक पाहायला मिळाली ती सभागृहात जागा मिळालेल्यांनाच.

इंटरनेटने या सभागृहाच्या भिंती पाडल्या. ब्रिज बेसवर कुणीही, फुकट, जागतिक अंतिम सामन्यात जाऊन बसू लागला. कोल्हापुरातला निवृत्त कारकून आणि ऑस्लोतला विद्यार्थी एकाच वेळी विश्वविजेत्याच्या हातातले पत्ते बघतात. ज्याला उस्ताद परवडत नाही, त्याच्यासाठी हा केवढा मोठा मदरसा आहे! चार हात उघडे असतात, त्यामुळे कोणती उतारी बरोबर होती हे बघ्याला लगेच कळते, आणि ज्याला फक्त दोन हात दिसतात तो खेळाडू विचार करून तिथवर कसा पोहोचतो, हेही समोर दिसते.

बघ्यांनी या उपकाराची परतफेड २०१५ साली केली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्वेचा खेळाडू बोये ब्रोगेलांड याने आपलेच पूर्वीचे संघसहकारी, इस्रायलचे लोतान फिशर आणि रॉन श्वार्ट्झ यांच्यावर जाहीर आरोप केला. त्यांच्या सोबतीने जिंकलेली मोठी स्पर्धाही आपण परत करतो, असे त्याने सांगितले. त्याच्या हातात ठोस पुरावा नव्हता, संशय होता. पुरावा होता यूट्यूबवर. क्रोएशियातल्या ओपातिया इथे २०१४ साली झालेल्या युरोपीय स्पर्धेच्या टेबलांचे चित्रण सर्वांसाठी खुले होते. स्वीडनचा पेर-उला कुलिन ते पाहत बसला आणि त्याच्या लक्षात आले की, पत्त्यांचा ट्रे कुठे ठेवला जातो यावरून भिडूला उतारीचा रंग कळवला जातो आहे. त्यानंतर नेदरलँड्सच्या माइके मेवियस या भौतिकशास्त्रज्ञ महिलेने, ज्या केवळ हौशी खेळाडू होत्या, मोनॅकोच्या संघातून खेळणाऱ्या फांतोनी आणि नुनेस या अव्वल जोडीचे पत्ते कधी उभे तर कधी आडवे पडतात, याकडे लक्ष वेधले. दोन्ही जोड्यांवर युरोपीय संघटनेने बंदी घातली.

गोष्ट इथे संपली असती तर सोपी झाली असती. २०१८च्या जानेवारीत लोझान इथल्या क्रीडा लवादाने फांतोनी आणि नुनेस यांच्यावरची बंदी रद्द केली. आरोप पुरेशा खात्रीने सिद्ध झालेला नाही, असे लवादाचे म्हणणे होते. अनेक खेळाडूंना ते पटले नाही आणि काहींनी त्यांच्याविरुद्ध टेबलावर बसायलाही नकार दिला. पण निकाल तो निकाल. संशय कितीही दाट असला, तरी शिक्षा पुराव्यावरच व्हायला हवी. जमावाच्या संशयाची किंमत या देशात आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

कुंपणाने शेत खाल्ले

आता पुन्हा २०२०कडे. सगळे सामने ऑनलाइन गेले आणि जी खिडकी बघ्यांसाठी उघडली होती तिच्यातूनच चोर शिरले. युक्ती अगदी साधी. एका नावाने खेळायला बसायचे, दुसऱ्या नावाने त्याच टेबलावर बघ्या म्हणून यायचे आणि चारही हात पाहायचे. आपणच खेळाडू, आपणच किबिट्झर. त्या पोलिश जगज्जेत्याने कबूल केले ते हेच. शिवाय फोन होता. दोन भिडू दोन शहरांत बसून कानाला फोन लावून पत्ते सांगू लागले तर त्यांना कोणता आडवा पडदा अडवणार? नवरा-बायको एकाच घरात, एकाच जोडीत खेळत असतील तर भिंतीचेच टेबल होते. चोरी आधीही होती, पण तिला सराव आणि धाडस लागे. आता मोह एका टिचकीवर आला. संघटनांच्या चौकश्यांत कितीतरी साधे, हौशी, सभ्य म्हणून ओळखले जाणारे खेळाडू अडकले. त्यांना पैसे मिळणार नव्हते, मिळणार होते ते क्लबाच्या यादीतले चार गुण.

उपाय तीन दिशांनी आले. बघ्यांना काही स्पर्धांत बंदी झाली, काही ठिकाणी प्रक्षेपण उशिराने दाखवले जाऊ लागले, म्हणजे डाव संपल्यावरच हात दिसतात. ब्रिटनमध्ये २०२० सालीच ‘रिअलब्रिज’ हे टेबल निघाले, त्यात चौघांचे चेहरे आणि आवाज थेट येतात. आणि तिसरा उपाय आकडेशास्त्राचा. ऑनलाइन खेळात प्रत्येक पान नोंदले जाते. हजारो डावांत एखाद्याची उतारी, जी झाकलेले पत्ते न पाहता अंदाजाने करायची असते, सतत अचूक पडत असेल, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपेक्षाही अचूक, तर शंका येते. एका डावातून काही सिद्ध होत नाही. हजार डाव बोलू लागतात.

हे तिन्ही उपाय रास्त आहेत आणि तिन्हींची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. ती कुणी मोजायची, हा पुढचा प्रश्न.

खुर्ची कुणाला मिळाली?

ब्रिजच्या टेबलावर अंध खेळाडू पूर्वीपासून आहेत. त्यांचे पत्ते ब्रेलचे ठिपके उठवलेले असतात. बाकीचे तिघे आपले प्रत्येक पान मोठ्याने सांगतात, डमीचा हात वाचून दाखवतात, आणि अंध खेळाडू सगळे बावन्न पत्ते डोक्यात धरून खेळतो. बोलीच्या चिठ्ठ्या आल्या तशी कर्णबधिरांची सोय झाली, कारण मग टेबलावर ऐकण्यासारखे फारसे उरलेच नाही. पण क्लबापर्यंत जायला जिने होते, रिक्षा होती, पाऊस होता. हात थरथरणाऱ्याला तेरा पाने पंख्यासारखी धरणे जड जाते. अंथरुणाला खिळलेल्याला तर प्रश्नच नव्हता. ऑनलाइन टेबलाने या सगळ्यांना घरबसल्या खुर्ची दिली. लहान मुले सांभाळणारी आई रात्री दहाला तासभर खेळू शकते. नजर अधू असलेल्याला चार रंगांसाठी चार वेगळे रंग निवडता येतात, म्हणजे बदाम आणि चौकट, इस्पिक आणि किलवर यांत गोंधळ होत नाही.

इथेही एक उलटी गोष्ट घडली. सुरुवातीचे ऑनलाइन ब्रिज अक्षरांचे होते, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला अक्षरे सहज वाचता येतात. नंतर हिरवे टेबल, चकचकीत पत्ते, हलणारी चित्रे आली. डोळस खुश झाले, पण चित्राला नाव दिलेले नसेल तर अंधाच्या कानात काहीच पडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी २००६पासून ‘एनव्हीडीए’ ही पडदा वाचणारी प्रणाली मोफत दिली. आपल्या देशात अनेक अंध विद्यार्थी तिच्यावरच शिकतात. पण ती वाचणार काय, हे टेबल बनवणाऱ्याच्या हातात आहे. प्रत्येक पानाला ‘इस्पिकची राणी’ असे अक्षरी नाव देणे फार खर्चिक काम नाही. ते आधीच आठवावे लागते, इतकेच.

आणि आता सुरक्षेचे उपाय. कॅमेरा सक्तीचा केला तर आजारी, नळ्या लावलेल्या माणसाने काय करावे? ज्या बाईला अनोळखी माणसांसमोर घरातला कॅमेरा सुरू करायचा नाही, तिने खेळ सोडावा का? अंध खेळाडूच्या कानात यंत्र सतत बोलत असते, तो पडद्याकडे पाहत नाही. पहारेकऱ्याच्या नजरेला हे सगळे चोराचे लक्षण वाटेल. डाव पटकन संपवण्याची घड्याळाची सक्ती केली, तर पत्ते कानाने ऐकणारा मागे पडेल. चोरांना पकडण्यासाठी विणलेल्या जाळ्यात सर्वांत आधी हे लोक अडकतात, चोर तर बहुधा वाट काढतोच. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्या भाषेने उगाच जपलेली नाही.

यावर पर्याय नाही असे नाही. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धांना एक नियम आणि संध्याकाळच्या मैत्रीच्या टेबलाला दुसरा, असे करता येते. कॅमेऱ्याऐवजी एखाद्याला तटस्थ माणूस सोबत बसवून खेळता यावे. आकडेवारीवरून कुणाला दोषी धरायचे असेल तर त्याला ती आकडेवारी दाखवावी, त्याची बाजू ऐकावी, आणि चौकशी पुरी होईपर्यंत नाव झाकलेले ठेवावे. बघ्यांना हाकलण्यापेक्षा प्रक्षेपण उशिराने करणे बरे, कारण २०१५ साली खेळ वाचवला तो बघ्यांनीच.

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीचे सुवर्ण जिंकले. एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन्न. धावण्याच्या, उडी मारण्याच्या स्पर्धांमधून ज्यांना आयुष्यभर बाजूला बसावे लागते, त्यांच्यासाठीही मैदान असू शकते, हे त्या पदकाने दाखवले. ऑनलाइन टेबल त्या मैदानाची हद्द वाढवते. ती हद्द राखायची तर खेळाडूचा शब्द आणि संघटनेचा न्याय दोन्ही खरे असावे लागतील. प्रणाली पाळत ठेवतील, आकडे साक्ष देतील. तरीही भिडू जरा जास्त वेळ थांबला आणि आपल्याला त्यातून काही कळले, तो क्षण कोणत्याही यंत्राला दिसत नाही. तिथे नियमपुस्तकाने निवाडा खेळाडूच्याच हाती दिला आहे, आणि इतक्या चोऱ्या होऊनही तो अजून काढून घेतलेला नाही.